जुनी साइट नव्याने करायची आहे : तीन कोटेशनं, चौपट फरक. कंपनी निवडायची कशी?

गारवा

एसी आणि फ्रिज दुरुस्तीचा छोटा व्यवसाय आहे. साइट आहे, पण जुनी. फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि चौकशीचा फॉर्म कोणी भरला तर मेल कधी येतो, कधी येत नाही. नव्याने करून घ्यायची आहे. गरज अशी : १० पानं (होमपेज, ५ सेवा, वार्षिक देखभाल करार, आमच्याविषयी, प्रश्नोत्तरं, संपर्क), फोनवरून एका टिचकीत कॉल, चालणारा फॉर्म, आणि मजकूर आम्हाला स्वतः बदलता यावा. ऑनलाइन विक्री नाही. कामाचे ईमेल याच डोमेनवर चालतात.

तीन कोटेशनं आली आहेत. पहिलं सगळ्यात स्वस्त, एकाच पानाचं : ‘१० पेज रिस्पॉन्सिव्ह वेबसाइट, एसईओ फ्रेंडली, अनलिमिटेड रिव्हिजन, डोमेन-होस्टिंग-एसएसएल एक वर्ष फ्री’. दुसरं त्याच्या दुप्पट : वरचं सगळं, शिवाय भागवार ५० पानं आणि ‘गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी’. तिसरं चौपट, सात पानी. त्यात ‘३०१ मॅपिंग’, ‘स्टेजिंग’, ‘कंटेंट क्लायंटकडून’, ‘२ राउंड’ असं बरंच काही आहे, पण हमी कशाचीच नाही.

तिघांचे नमुने दिसायला छान आहेत. मग हे चौपट पैसे नेमके कशाचे? आणि निवडताना बघायचं काय?

पाटी_कोरी

आत्ता तुलना होऊच शकत नाही, कारण तिघं तीन वेगवेगळी कामं विकतायत. वर लिहिलेली गरज थोडी वाढवून एक पान करा, तेच तिघांना पाठवा आणि त्याच मुद्द्यांवर पुन्हा कोटेशन मागवा. आलं की आकड्याआधी हे बघा, की कोणी काय लिहायचं टाळलंय.

‘१० पेज’मध्ये पहिली मेख. काम पानांवर नाही, साच्यांवर (टेम्प्लेट) ठरतं. तुमच्या पाचही सेवा एकाच टेम्प्लेटवर बसतील. म्हणजे होमपेज, सेवा, साधं मजकुराचं पान आणि संपर्क, असे चार साचे झाले. हे चार साचे मनापासून डिझाइन करणारा आणि तयार थीममध्ये (आधीच बनवलेल्या मांडणीत) दहा वेळा मजकूर चिकटवणारा, दोघंही कागदावर ‘१० पेज’च लिहितात. विचारा : किती टेम्प्लेट डिझाइन करणार? तयार थीम आहे का, असल्यास नाव काय? तयार थीम वाईट नसते, एवढ्या साइटला पुष्कळदा पुरते. फक्त ती तयार थीमच्या भावात मिळाली पाहिजे.

मजकूर कोण लिहिणार यावर पहिले दोघे गप्प आहेत. म्हणजे तुम्हीच लिहिणार, आणि ते तुम्हाला काम निम्मं झाल्यावर कळणार. साइट रखडते ती बहुतेक वेळा इथेच. डिझाइन खोट्या मजकुरावर मंजूर होतं. दोन शब्दांच्या मथळ्यासाठी आखलेल्या चौकोनात मग ‘व्हीआरएफ आणि डक्टेबल एसीची वार्षिक देखभाल’ बसवायची वेळ येते, मांडणी फुटते आणि ती दुरुस्ती ‘बदल’ म्हणून मोजली जाते. होमपेज आणि एका सेवेचा खरा मजकूर डिझाइन सुरू व्हायच्या आधी द्या. बाकीचा मागाहून चालेल.

‘अनलिमिटेड रिव्हिजन’ ऐकायला उदार वाटतं. पण काम कधी संपलं हे ठरवायला त्यात काहीच नाही, त्यामुळे चौथ्या-पाचव्या बदलापासून उत्तरं यायला उशीर होऊ लागतो. दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत सगळ्या सूचना एकत्र आणि लेखी, पुढे तासाचा दर. ही तिसऱ्याची भाषा जास्त प्रामाणिक आहे.

एसएसएल, म्हणजे साइट आणि ब्राउझरमधली देवाणघेवाण गुप्त ठेवणारं प्रमाणपत्र, ‘फ्री’ ही मेहेरबानी नाही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र कोणालाही फुकट मिळतं. त्याची मुदत थोड्या दिवसांचीच असते, पण त्याचं नूतनीकरण सर्व्हर आपोआप करतो. दुसऱ्या वर्षी त्याचे पैसे लावणार का, एवढं विचारून घ्या.

आता दुसरं कोटेशन. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलच्याच मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. आणि फक्त भागाचं नाव बदलून काढलेली ५० पानं त्यांच्या स्पॅम धोरणात ‘डोअरवे’ (फक्त शोधात दिसण्यासाठी काढलेली पानं) म्हणून मोडतात. प्रत्येक भागासाठी खरोखर वेगळं सांगण्यासारखं असेल तर वेगळं पान जरूर करा, पण तशी पन्नास निघत नाहीत. हे कोटेशन माझ्या मते इथेच बाद.

दुवा_तुटला

वरच्या सगळ्याला अनुमोदन. पण तुमच्या मजकुरातली जपायची ओळ वेगळीच आहे : ईमेल याच डोमेनवर आहेत.

डोमेन तुमच्याकडे आहेच, मग पहिला ‘डोमेन फ्री’ कशाचं देतोय? बहुधा तुमचं डोमेन स्वतःच्या खात्यात हलवून एक वर्षाचं नूतनीकरण भरेल. तसं होऊ देऊ नका. डोमेन रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणारी कंपनी) तुमच्या खात्यात, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या कार्डवर हवं. तो ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं तर पासवर्ड बदलायचा मेलही पोहोचणार नाही.

आधी डोमेनांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेच्या लुकअप पानावर डोमेन टाकून बघा. मालकाचं नाव हल्ली बहुतेक ठिकाणी झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते हे दिसतं. लॉगिन जुन्या कंपनीकडे निघालं तर सोपा मार्ग असा : त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडा आणि डोमेन आतल्या आत त्या खात्यात ढकलायला सांगा. साइट किंवा मेल थांबत नाही. दुसऱ्या रजिस्ट्रारकडेच न्यायचं असेल तर लॉक काढून ऑथ कोड (ट्रान्सफरचा गुप्त संकेत) घ्यावा लागतो. इथे क्रम चुकवू नका. मालकाचं नाव आधी बदललंत तर पुष्कळ रजिस्ट्रार त्यानंतर ६० दिवस ट्रान्सफर अडवतात. आधी ट्रान्सफर, मग नाव.

मुदत जवळ आली असेल तर हे सगळं सोडून आधी नूतनीकरण करा. मुदत उलटून डॉट कॉम डोमेन काढून टाकलं गेलं की ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, पुढचे ५ दिवस काहीच करता येत नाही आणि मग ते कोणालाही घेता येतं.

कंपनी निवडायला एक प्रश्न सुचवतो. तिघांना फोन करून विचारा, ‘आमच्या फॉर्मचे मेल मधूनमधून हरवतात, कशामुळे होत असेल?’ ‘नवीन साइटमध्ये होणार नाही’ हे उत्तर नव्हे. जाणकार माणूस आधी हे विचारेल, की मेल कोणाच्या नावाने निघतो? जुन्या फॉर्ममध्ये पुष्कळदा प्रेषक म्हणून ग्राहकाचाच पत्ता घातलेला असतो. त्या पत्त्याच्या वतीने मेल पाठवायचा अधिकार तुमच्या सर्व्हरला नसतो, त्यामुळे एसपीएफ आणि डीमार्कच्या (प्रेषक खरा आहे का हे बघणाऱ्या) तपासणीत तो नापास होतो आणि स्पॅममध्ये जातो किंवा परत फिरतो. उपाय असा : प्रेषक तुमच्या डोमेनवरचा, ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये, मेल एसएमटीपी लॉगिनने (खऱ्या मेल खात्यातून) पाठवायचा, आणि प्रत्येक चौकशीची प्रत डेटाबेसमध्येही ठेवायची. एवढं फोनवर सांगणारा माणूस मिळाला तर कोटेशनाचा कागद कितीही साधा असो, बोलणी पुढे न्या.

गारवा

तपासलं. रजिस्ट्रार कळला, मुदत संपायला पाच महिने आहेत. लॉगिन जुन्या कंपनीकडे आहे, आणि ईमेलचे डबेही (मेलबॉक्स) त्यांच्याच होस्टिंगवर आहेत. नमुन्याच्या साइट कशा तपासायच्या तेही कोणी सांगाल का? वरवर सगळ्याच छान दिसतात.

दुवा_तुटला

डबे होस्टिंगवरच असतील तर होस्टिंग बंद केल्याक्षणी मेलही गेले समजा. मेल हलवणं हे स्वतंत्र काम धरा. नव्या ईमेल सेवेवर डबे उघडा, आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत) जुने मेल उतरवून घ्या, मग एमएक्स (मेल कुठे पोहोचवायचा ती नोंद) बदला. दोन आठवडे सुरळीत चाललं की साइटला हात लावा. दोन्ही एकाच दिवशी केलंत तर बिघाड कुठे आहे ते शोधता येत नाही.

फोनवर_बघा

नमुन्यांबद्दल. कंपनीने हौसेने दाखवलेल्या साइट सोडा. त्यांच्या यादीतल्या दोन-तीन वर्षं जुन्या पाच साइट तुम्ही निवडा. पाचांतल्या किती अजून चालू आहेत? चालू आहेत त्यांचा मजकूर हलतोय की उद्घाटनाच्या दिवशीचाच आहे? मालकाला स्वतः बदल करता येतात की नाही, याचा अंदाज इथेच येतो.

मग त्या साइट गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये (वेग मोजायचं साधन) टाका आणि मोबाइलचा टॅब बघा. डेस्कटॉपचे हिरवे आकडे सगळेच दाखवतात. वर खऱ्या वापरकर्त्यांची २८ दिवसांची आकडेवारी असते, पण छोट्या साइटला भेटी कमी असल्याने ती पुष्कळदा रिकामी दिसते. त्यात साइटचा दोष नाही. तेव्हा खालची प्रयोगशाळेतली चाचणी बघा. उंबरठे असे : एलसीपी, म्हणजे पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, २.५ सेकंदांच्या आत. सीएलएस, म्हणजे पान उघडताना मजकूर किती उड्या मारतो, ०.१ च्या आत. टिचकीला प्रतिसाद मोजणारा आयएनपी २०० मिलिसेकंदांच्या आत. हा मार्च २०२४ मध्ये एफआयडी या जुन्या मापाच्या जागी आला आणि फक्त खऱ्या वापरातून मोजला जातो, प्रयोगशाळेत दिसत नाही. कोणी अजून एफआयडीचे आकडे सांगत असेल तर त्याची माहिती जुनी आहे हे समजून घ्या. गुण १०० हवेत असा हट्ट नको. पण एकाच कंपनीच्या पाचही साइटची एलसीपी ६-७ सेकंद येत असेल तर तुमचीही तशीच येईल.

कारण बहुतेक वेळा एकच असतं. कॅमेऱ्यातून आला तसा ४-५ एमबीचा फोटो होमपेजच्या माथ्यावर, त्यावर सरकणारा स्लायडर आणि स्लायडरमध्ये असे पाच फोटो. तोच फोटो १६०० पिक्सेल रुंदीचा वेबपी (हलक्या फोटोचा फाइल प्रकार) केला तर साधारण २०० केबीत बसतो. फोटोवर उजवी टिचकी मारून नव्या टॅबमध्ये उघडा आणि सेव्ह करून आकार बघा. एवढं कोणालाही जमतं.

फोन हातात घेऊन आणखी दोन गोष्टी. नंबरावर बोट ठेवल्यावर कॉल लागतो का, की नंबर म्हणजे नुसतं चित्र आहे? आणि उन्हात उभं राहून मजकूर वाचता येतो का? पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांची फॅशन फार आहे. साध्या मजकुराला निदान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट हवा, असं डब्ल्यूसीएजी (साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे मापदंड) सांगतं. तुमची गिऱ्हाइकं गच्चीवर बंद पडलेल्या एसीशेजारी उभी राहून नंबर शोधणार.

शेवटी त्या पाचांपैकी दोन मालकांना फोन करा. ‘काम कसं आहे?’ विचारलंत तर ‘चांगलं आहे’ एवढंच मिळेल. विचारा, ‘शेवटचा बदल कधी सांगितला आणि किती दिवसांत झाला? ॲडमिनचा लॉगिन तुमच्याकडे आहे का?’

साधं_सरळ

एवढा खटाटोप कशाला? १० पानं, विक्री नाही. विक्स किंवा स्क्वेअरस्पेससारख्या तयार साइट-बिल्डरवर स्वतः बसवा. होस्टिंग, एसएसएल, अपडेट, सगळं तेच बघतात. वर्डप्रेसचं (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) प्लगिन (त्याला जोडायचा तुकडा) अपडेट केलं आणि साइट पांढरी पडली, ही भानगड नाही. कंपनीला देण्यापेक्षा ते पैसे चांगल्या फोटोंवर घाला.

पाटी_कोरी

@साधं_सरळ, फोटोंबद्दल शंभर टक्के. बिल्डरही वाईट नाही, पण बाहेर पडायचा रस्ता बघून आत जावं. विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही. स्क्वेअरस्पेसमधून काही पानं आणि ब्लॉगच्या नोंदी निघतात, मांडणी निघत नाही. सोडायची वेळ आली की नव्याने बांधायची. मजकुराची आणि फोटोंची प्रत आपल्याकडे ठेवायची तयारी असेल तर छोट्या साइटला तेही परवडतं.

त्याहून वाईट म्हणजे कंपनीने घरी बनवलेला सीएमएस (मजकूर बदलायची प्रणाली). तो चालवणारे जगात तेवढेच. तिघांपैकी कोणी ‘आमचा स्वतःचा पॅनेल’ म्हणालं तर मी पुढे जाणार नाही. वर्डप्रेसमध्येही कुलूप असतंच, जरा लहान. वर्डप्रेसमध्ये पानं बांधायच्या डिव्हीसारख्या बिल्डरची जुनी पानं शॉर्टकोडमध्ये (कंसातल्या खुणांत) साठवलेली असतात, थीम काढली की पानभर कंसांचा कचरा उरतो. वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉक एडिटरमध्ये बांधून द्याल का, हे विचारून बघा.

अर्धविराम

करार आणि पैसे याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून.

हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा, तारखांना नको. साधारण ३० टक्के आगाऊ, ३० डिझाइन मंजूर झाल्यावर, ३० स्टेजिंगवर (लोकांना दाखवण्याआधीच्या चाचणीच्या प्रतीवर) पूर्ण साइट चालू दिसल्यावर, १० साइट लाइव्ह होऊन सगळं हातात पडल्यावर. ‘सगळं’ म्हणजे काय ते करारात मोजून लिहा : वर्डप्रेसचा ॲडमिन लॉगिन (एडिटर नव्हे), होस्टिंगचा लॉगिन, फाइली आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप, डिझाइनची मूळ फाइल, परवान्यांची यादी. डेटाबेस नसलेला बॅकअप म्हणजे रिकामं कपाट. वर्डप्रेसचा सगळा मजकूर डेटाबेसमध्येच असतो.

सर्च कन्सोल (गूगल शोधातली कामगिरी), ॲनालिटिक्स (भेटींची मोजणी) आणि गूगल बिझनेस प्रोफाइल (नकाशावरची नोंद) ही खाती तुम्ही स्वतः उघडा आणि कंपनीला आत घ्या. उलटं नको. बिझनेस प्रोफाइलचे प्राथमिक मालक तुम्हीच हवेत. तिथले रिव्ह्यू नव्या प्रोफाइलवर आपल्याला उचलून नेता येत नाहीत.

हक्कांबद्दल. बऱ्याच देशांत बाहेरच्या माणसाने केलेल्या कामाचा कॉपीराइट, लेखी दिल्याशिवाय, करणाऱ्याकडेच राहतो. म्हणून असं वाक्य घाला : ‘अंतिम हप्ता मिळताच या कामासाठी तयार केलेले डिझाइन, मजकूर, चित्रे व कोड यांचे सर्व हक्क ग्राहकाकडे येतील. तयार थीम, प्लगिन, फॉन्ट व विकत घेतलेली छायाचित्रे यांचे परवाने कोणाच्या नावावर आहेत, याची यादी सोबत जोडली आहे.’ दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं. कंपन्या बहुधा एकच एजन्सी परवाना सगळ्या ग्राहकांना वापरतात. तुम्ही कंपनी सोडलीत की साइट चालूच राहते, पण प्लगिनचे अपडेट थांबतात. वरून काही कळत नाही, आणि वर्षभराने त्याच जुन्या प्लगिनच्या भोकातून कोणीतरी आत येतं. मुख्य प्लगिनचे परवाने तुमच्या नावावर घ्या. परवाना मागितल्यावर टोलवाटोलवी झाली तर नल्ड, म्हणजे कुलूप तोडलेली प्रत वापरलेली असण्याची शक्यता धरा.

देखभालीच्या करारात ‘सपोर्ट’ हा एकच शब्द पुरत नाही. अपडेट महिन्यातून किती वेळा, अपडेटआधी बॅकअप घेणार का, बॅकअप त्याच सर्व्हरवर की बाहेर, साइट बंद पडली तर किती तासांत उत्तर, बारीक बदलांचे तास किती. आणि लाइव्ह झाल्यापासून ६० ते ९० दिवस, त्यांच्याच चुकांची दुरुस्ती फुकट.

तिसऱ्याचं सात पानी कोटेशन यातलं निम्मं आधीच लिहून देतंय असं दिसतं. चौपट जास्त वाटत असेल तर घासाघीस आकड्यावर करू नका, कामावर करा. डिझाइनचे साचे कमी करा, तयार थीम घ्या, मजकूर भरायचं काम स्वतःकडे घ्या. ३०१ मॅपिंग आणि स्टेजिंग मात्र कापू नका.

गारवा

३०१ मॅपिंग नाही केलं तर काय होतं? जुन्या साइटवर पंधरावीसच पानं आहेत. आणि साइट बदलायच्या दिवशी आम्ही काय बघायचं?

दुवा_तुटला

पंधरावीस असली तरी गूगलला तीच माहीत आहेत. ३०१ म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारं कायमचं वळण. पत्ते बदलले आणि अशी वाट दाखवली नाही, तर आलेला माणूस ४०४ वर (‘पान सापडलं नाही’) आदळतो आणि त्या पानाची मिळवलेली जागा जाते. सर्च कन्सोलमध्ये मागच्या १६ महिन्यांपर्यंतची आकडेवारी असते. भेटी येणारी पानं उतरवून घ्या, शेजारच्या रकान्यात नवा पत्ता लिहा. ज्याचं त्याला जोडायचं. आळसाने सगळी होमपेजवर वळवली तर गूगल त्यांना सॉफ्ट ४०४ (पान नसल्यातच जमा) धरू शकतं. ही वळणं निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं, कायम ठेवलीत तरी काही बिघडत नाही.

बदलायच्या दिवसासाठी : कंपनी ‘नेमसर्व्हर बदला’ म्हणेल. नको म्हणा. नेमसर्व्हर बदलले की सगळा डीएनएस झोन (डोमेनच्या नोंदींची यादी) नवा होतो, एमएक्स, एसपीएफ, डीकिम (मेलच्या सहीची नोंद) राहून जातात आणि मेल बंद पडतो. डीकिमची नोंद तर सिलेक्टर (तिचं नाव) माहीत असल्याशिवाय बाहेरून शोधताही येत नाही. फक्त ए रेकॉर्ड (साइटचा सर्व्हर दाखवणारी नोंद) बदलायचा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा असेल तर तोही. आदल्या दिवशी त्याचा टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ जपून वापरायची) ३०० सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे गडबड झाली तर काही मिनिटांत मागे फिरता येतं. जुना क्वाड-ए (AAAA) रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ या नव्या प्रकारच्या पत्त्याची नोंद, असेल तर तो बदला किंवा काढा. राहिला तर फोनच्या नेटवर जुनी साइट आणि वायफायवर नवी, असा भुताटकीचा खेळ सुरू होतो.

लाइव्ह झाल्यावर पहिलं काम : वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना दूर ठेवणारा एक चौकोन असतो. स्टेजिंगवर तो टिचकवलेला असायलाच हवा आणि लाइव्ह साइटवर तो काढायला लोक विसरतात. मग साइट महिनाभर गूगलवरून गळत जाते आणि कारण सापडत नाही.

मग फॉर्म स्वतः भरा, एकदा तुमच्या डोमेनच्या पत्त्यावर आणि एकदा बाहेरच्या पत्त्यावर मेल येईल असा. बाहेर पोहोचला आणि स्वतःच्या डोमेनवर आला नाही, तर नव्या होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायचा पॅनेल) ईमेल रूटिंग बघा. तिथे ‘लोकल’ असेल तर सर्व्हर तुमचे डबे आपल्याकडेच आहेत असं समजून मेल बाहेर सोडतच नाही. ते ‘रिमोट’ करा.

जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, महिनाभर राहू द्या. बंद करण्याआधी फाइली आणि डेटाबेस उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवा, आणि ती झिप एकदा उघडून बघा.